शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचा ऑक्सिजन-वापर कसा मोजायचा: श्वासातून की रक्तातून?

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवर असलेला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. श्वासातले वायू मोजून त्याचा ऑक्सिजन-वापर मिनिटाला २६१ मिलि आला. त्याच वेळी रक्ताचे नमुने आणि कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला जितके रक्त बाहेर टाकते ते) वापरून हिशोब केला, तर २३८ आला. रुग्ण काल्पनिक आहे, पण आकड्यांमधली ही तफावत आयसीयूत रोजची आहे. ती दिसली की निवासी डॉक्टर हमखास विचारतात, खरा आकडा कोणता? या प्रश्नात शिरण्याआधी प्रत्येक पद्धत नेमके काय मोजते आणि तिची चूक कुठे जन्माला येते, हे बघायला हवे. ते कळले की २३ मिलिच्या तफावतीत घाबरण्यासारखे काही उरत नाही. उलट दोन्ही आकडे अगदी तंतोतंत जुळले, तर मला थोडी शंकाच येते.

आधी आकडा कशासाठी हवा ते ठरवा

शांत पडलेल्या प्रौढ माणसाचा ऑक्सिजन-वापर मिनिटाला साधारण २५० मिलि असतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या मापात सांगायचे तर प्रति चौरस मीटर ११० ते १६० मिलि. आकडा आहार ठरवण्यासाठी हवा असेल, तर सोबत कार्बन डायऑक्साइडही मोजावा लागतो. मग १९४९ सालचे वीर यांचे ऊर्जा-खर्चाचे सूत्र लावायचे: ऑक्सिजनचे मिनिटाचे लिटर गुणिले ३.९४१, अधिक कार्बन डायऑक्साइडचे लिटर गुणिले १.१०६, आणि त्या बेरजेला १४४० ने गुणायचे. आपल्या रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड मिनिटाला २०८ मिलि आहे. म्हणजे दिवसाला सुमारे १८१० किलोकॅलरी. इथे श्वासाची पद्धतच योग्य.

अवयवांना ऑक्सिजन पुरेसा पोचतो आहे का, हा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रक्ताच्या पद्धतीतून ऑक्सिजन-वापरासोबत पुरवठा, शिरेतल्या रक्तातले सॅच्युरेशन (हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलेला आहे) आणि कार्डियाक आउटपुट हे सगळे एकदम हाताला लागते. ही माहिती श्वासाचे यंत्र देऊ शकत नाही.

रुग्णाची तयारी: यंत्रापेक्षा इथे जास्त चुकते

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास हा मोजमापासाठी सगळ्यात निसरडा काळ. भुलेचा अंमल आहे तोवर ऑक्सिजन-वापर नेहमीपेक्षा कमी असतो. रुग्ण थंड पडला असेल तर आणखी कमी. मग अंग गरम होऊ लागते, हुडहुडी भरते आणि तोच वापर दुप्पट-तिप्पट होतो, कधी त्याहूनही जास्त. तापाच्या प्रत्येक अंशाला साधारण १० ते १३ टक्के वाढ धरतात. वेदना, खोकला, सक्शन, कूस बदलणे, ड्रेसिंग या प्रत्येकाचा ठसा आकड्यावर उमटतो. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, तर हुडहुडी दिसत नाही आणि आकडा खोटा शांत वाटतो.

म्हणून निदान अर्धा तास रुग्णाला हात न लावता पडू द्या. मोजमाप चालू असताना तापमान, वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांचा वेग, इनोट्रोपचा (हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाचा) वेग यांतले काही बदलू नका. नर्सिंगच्या कामाची वेळ आधी विचारून घ्या. पाठीवर पावडर लावायला कुणीतरी ऐन मोक्याला येतेच.

व्हेंटिलेटरची सेटिंग बदलली असेल तर किती थांबायचे? शरीरातला ऑक्सिजनचा साठा जेमतेम दीड लिटरच्या आसपास असतो, त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा काही मिनिटांत जागेवर येतो. कार्बन डायऑक्साइडचा साठा मात्र त्याच्या कित्येक पट मोठा. मिनिट व्हेंटिलेशन (मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा) वाढवले की साठ्यातला वायू बराच वेळ बाहेर येत राहतो आणि पेशींनी तयार केला नसतानाही तो मोजला जातो. त्यामुळे सेटिंग बदलल्यावर तास-दीड तास थांबावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड अंगात शोषला जातो आणि नंतर काही काळ तोही श्वासातून निघत राहतो. सोडियम बायकार्बोनेट दिले असेल तरी हीच गत.

श्वासातून मोजणे: इनडायरेक्ट कॅलरीमेट्री

कल्पना सरळ आहे. आत किती ऑक्सिजन गेला त्यातून बाहेर किती आला ते वजा करायचे. अडचण अशी की आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या हवेची घनफळे नेमकी सारखी नसतात आणि दोन्ही बिनचूक मोजणे अवघड. यावर जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती वापरतात. नायट्रोजन शरीर वापरत नाही आणि तयारही करत नाही. म्हणून आत-बाहेरच्या नायट्रोजनच्या प्रमाणावरून आतल्या हवेचे घनफळ काढता येते. सूत्र असे (एफआयओटू म्हणजे आत जाणाऱ्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण):

ऑक्सिजन-वापर = बाहेरचे मिनिट-घनफळ × [एफआयओटू × (१ − बाहेरचा ऑक्सिजन − बाहेरचा कार्बन डायऑक्साइड) ÷ (१ − एफआयओटू) − बाहेरचा ऑक्सिजन]

आपल्या रुग्णाचे आकडे घालू. बाहेरचे घनफळ ८ लिटर, एफआयओटू ०.४०, बाहेरचा ऑक्सिजन ०.३७०, कार्बन डायऑक्साइड ०.०२६. कंसात ०.४० × ०.६०४ ÷ ०.६० वजा ०.३७०, म्हणजे ०.०३२७ आणि उत्तर २६१ मिलि. हे ८ लिटर शून्य अंश तापमान, ७६० मिमी दाब आणि कोरडी हवा या प्रमाणित स्थितीतले आहेत. अंगाच्या उष्णतेला, ओलसर अवस्थेत तीच हवा सुमारे ९.७ लिटर भरते. व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचा आकडा कोणत्या स्थितीतला आहे हे न बघता हातानेच हिशोब करायला गेलात, तर पहिल्याच पायरीला २१ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो.

या सूत्राचा मर्मबिंदू छेदात आहे: १ वजा एफआयओटू. एफआयओटू वाढला की छेद लहान होतो आणि मोजण्यातली बारीकशी चूक फुगते. एफआयओटूच्या मोजमापात ०.००१ इतकीच, म्हणजे एक दशांश टक्क्याची चूक झाली असे समजा. एफआयओटू ०.४० असताना उत्तर १३ मिलिने चुकते. ०.७० ला २७ मिलिने. ०.९० ला तर सुमारे ८० मिलिने, म्हणजे उत्तराच्या तीस टक्के. ०.६० च्या वर या पद्धतीवर विसंबू नये असे म्हणतात, त्यामागचे गणित हे आहे. यंत्र महागडे घेतले म्हणून ते बदलत नाही.

आता प्रत्यक्ष कामाची पद्धत. यंत्र सुरू करून निर्मात्याने सांगितले असेल तितका वेळ, बहुतेकदा अर्धा तास, गरम होऊ द्या. मग त्या दिवशीचा वातावरणाचा दाब भरा आणि माहीत असलेल्या मिश्रणाच्या वायूने कॅलिब्रेशन करा. सॅम्पलिंगच्या नळीत पाणी साचलेले नाही याची खात्री करून घ्या. नंतर गळती शोधा: ट्यूबचा कफ (ती श्वासनळीत घट्ट बसवणारा फुगा), सर्किटचे जोड, छातीतली नळी. ड्रेनमध्ये बुडबुडे येत असतील, तर श्वासातली हवा तिथून निसटते आहे. अशा रुग्णात ही पद्धत सोडून द्यावी, दुरुस्तीच्या गुणकांच्या नादी लागू नये. भुलेत नायट्रस ऑक्साइड वापरला असेल तर तो शरीरातून निघून जाईपर्यंत थांबा. श्वासात चौथा वायू मिसळला की बाकी उरलेले सगळे नायट्रोजन, हे हॉल्डेनचे गृहीतकच मोडते. शिवाय काही सेन्सर त्याने फसतात.

नोंद सुरू झाली की सुरुवातीची पाच मिनिटे टाकून द्या. त्यानंतर सलग पाच मिनिटे अशी शोधा ज्यात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही १० टक्क्यांपेक्षा जास्त हललेले नाहीत. शेवटी दोघांचे गुणोत्तर पाहा. आपल्या रुग्णात २०८ भागिले २६१, म्हणजे ०.८०. हे ०.६७ ते १.३ च्या बाहेर गेले तर आकडा लिहू नका, गळती, कॅलिब्रेशन किंवा हायपरव्हेंटिलेशन शोधा. पण गुणोत्तर मर्यादेत आहे म्हणून मोजमाप बरोबर, असा उलटा अर्थ काढू नये. तपासणीची चाळणी बरीच मोठ्या भोकांची आहे.

ट्यूब काढलेल्या रुग्णासाठी डोक्यावर पारदर्शक हूड ठेवून मोजता येते. मात्र नाकात ऑक्सिजनची नळी चालू असेल, तर आत जाणाऱ्या हवेतले प्रमाण सतत बदलते आणि हिशोब हाती लागत नाही. खोलीतल्या हवेवर रुग्ण तग धरत असेल तरच हूड.

रक्तातून काढणे: फिकचे तत्त्व उलटे करून

आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडले की ऑक्सिजन-वापर आणि धमनी-शिरांतला ऑक्सिजनचा फरक माहीत असला, तर हृदयातून वाहणारे रक्त मोजता येते. आयसीयूत आपण हेच उलटे वापरतो, कारण १९७० साली स्वान आणि गांझ यांनी टोकाला फुगा असलेले कॅथेटर आणल्यावर फुप्फुसधमनीतले, म्हणजे सगळ्या शरीरातून परतलेले शिरांचे मिश्र रक्त खाटेजवळ मिळू लागले आणि पुढे थर्मोडायल्यूशनने (थंड द्रव सोडून रक्ताच्या तापमानातल्या बदलावरून प्रवाह काढण्याच्या रीतीने) कार्डियाक आउटपुटही.

ऑक्सिजन-वापर = कार्डियाक आउटपुट × (धमनीतला ऑक्सिजन − फुप्फुसधमनीतला ऑक्सिजन)

रक्तातला ऑक्सिजन, दर १०० मिलिमागे = १.३४ × हिमोग्लोबिन × सॅच्युरेशन + ०.००३ × ऑक्सिजनचा दाब

आपल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन १० ग्रॅम, धमनीतले सॅच्युरेशन ९८ टक्के आणि दाब १०० मिमी, फुप्फुसधमनीत ६४ टक्के आणि ३५. हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ऑक्सिजनचा फरक ४.५६, विरघळलेल्याचा ०.१९, एकूण ४.७५ मिलि. कार्डियाक आउटपुट ५ लिटर, म्हणजे १०० मिलिचे ५० भाग; ५० गुणिले ४.७५, सुमारे २३८.

विरघळलेला ऑक्सिजन बरेच जण सोडून देतात. इथे त्याने फक्त १० मिलि कमी होतात, म्हणून खपून जाते. पण रुग्ण जास्त ऑक्सिजनवर असेल आणि धमनीतला दाब ४०० असेल, तर तोच विसर ५५ मिलिला पडतो. सूत्र नेहमी पूर्णच लिहा.

नमुने घेताना हात सावकाश चालवा. कॅथेटरच्या टोकाचा फुगा पूर्ण सोडलेला हवा, आणि नळीतले आधीचे द्रव काढून टाकल्यावर रक्त हळूहळू ओढायचे. जोरात ओढले की पुढच्या केशिकांमधले ऑक्सिजन भरलेले रक्त मागे येते, सॅच्युरेशन वाढलेले दिसते आणि ऑक्सिजन-वापर खोटा कमी निघतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा ठेवू नका. धमनीचा नमुना त्याच मिनिटाला घ्या. सॅच्युरेशन को-ऑक्सिमीटरवर (ते थेट मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेलेच धरा. साधे ब्लड गॅस यंत्र दाबावरून ते हिशोबाने काढते आणि शिरेतले रक्त ऑक्सिजनच्या वक्ररेषेच्या चढणीच्या भागात असते, जिथे दाबातला थोडासा फरक सॅच्युरेशनमध्ये मोठा होऊन दिसतो. त्यातून साठवलेले रक्त बरेच दिले असेल तर ती रेषाच सरकलेली असते.

थर्मोडायल्यूशनसाठी १० मिलि द्रव चार सेकंदांच्या आत, एकसारख्या दाबाने सोडा. मॉनिटरमध्ये भरलेला स्थिरांक त्या द्रवाच्या घनफळाशी आणि तापमानाशी जुळतो का ते आधी बघा. हे राहून जाते आणि मग सगळी मोजमापे एकाच बाजूला चुकतात, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. तीन ते पाच वेळा करून सरासरी घ्या. वक्र वेडावाकडा आला असेल तर ते मोजमाप टाका, पण केवळ आकडा आवडला नाही म्हणून टाकू नका. ट्रायकस्पिड झडप जास्त गळत असेल किंवा हृदयाच्या कप्प्यांत भोक असेल, तर ही पद्धत वापरू नये. बायपासनंतर अंग गरम होत असताना रक्ताचे मूळ तापमानच सरकत असते, तेव्हाही थोडे थांबलेले बरे. सतत मोजणारी कॅथेटर सोपी वाटतात, पण ती मागच्या काही मिनिटांची सरासरी दाखवतात. रक्ताचा नमुना आत्ताचा आणि प्रवाह मघाचा, अशी मोट बांधू नका.

वरच्या महाशिरेतले रक्त फुप्फुसधमनीतल्या रक्ताऐवजी चालेल का? उपचाराची दिशा पाहायला चालते. पण ऑक्सिजन-वापराच्या आकड्यासाठी नाही, कारण शरीराच्या खालच्या भागातून आणि हृदयाच्या स्वतःच्या शिरेतून येणारे रक्त त्यात मिसळलेले नसते.

या पद्धतीची चूक एका ठिकाणी नसते, ती विखुरलेली असते. कार्डियाक आउटपुट १० टक्क्यांनी चुकले तर २४ मिलि, शिरेतले सॅच्युरेशन दोन टक्के-अंकांनी चुकले तर १३, हिमोग्लोबिन अर्ध्या ग्रॅमने चुकले तर ११. या चुका एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर एकत्रित अनिश्चितता सुमारे ३० मिलि, म्हणजे १२ टक्के होते.

मधले मार्ग

काही व्हेंटिलेटर फक्त कार्बन डायऑक्साइड मोजतात. त्याला ०.८५ ने भागून ऑक्सिजन-वापराचा अंदाज काढता येतो. आपल्या रुग्णात तो २४५ येतो आणि मन सुखावते. पण खरे गुणोत्तर ०.७५ असेल तर २७७, ०.९५ असेल तर २१९. उपासमार, ग्लुकोज आणि वर सांगितलेला साठ्यातला वायू, या तिन्हींनी शस्त्रक्रियेनंतर गुणोत्तर हलत असते. आहारासाठी वजनावरून ठोकताळा बांधण्यापेक्षा हा मार्ग चांगला, रक्ताभिसरणाच्या निर्णयासाठी नाही. १९१९ च्या हॅरिस-बेनेडिक्टसारखी सूत्रे निरोगी माणसांच्या सरासरीवर उभी आहेत. आजारी रुग्णाच्या खाटेजवळ त्यांना मोजमाप म्हणू नये.

दोन आकडे शेजारी ठेवताना

आता २६१ आणि २३८ कडे परत बघू. फुप्फुसांच्या पेशी स्वतः जो ऑक्सिजन वापरतात तो श्वासाच्या मोजमापात धरला जातो, पण फुप्फुसधमनी आणि धमनी यांच्या फरकात दिसत नाही. फुप्फुसे निरोगी असतील तर हा वाटा काही टक्क्यांचाच, न्यूमोनिया किंवा मोठी सूज असेल तर जास्त. म्हणून श्वासाचा आकडा थोडा वर असणे अपेक्षितच आहे. बाकीची तफावत वरच्या अनिश्चिततेत आरामात बसते.

एका विभागात दोन पद्धतींची पडताळणी करायची असेल तर मोजमापे एकाच वेळची हवीत: श्वासाच्या स्थिर पाच मिनिटांच्या मधोमध रक्ताचे नमुने आणि त्याला लागूनच थर्मोडायल्यूशन. मग सहसंबंध गुणांक काढून ०.९ आला म्हणून खूश होऊ नका. एक पद्धत सतत ५० मिलि जास्त दाखवत असली तरी तो गुणांक उत्तमच येईल. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये दाखवलेली रीत वापरा: प्रत्येक जोडीची सरासरी आडव्या अक्षावर, फरक उभ्या अक्षावर.

समजा पाच रुग्णांतले फरक, श्वास वजा रक्त, असे आहेत: २४, ८, ४१, −१२, २९ मिलि. सरासरी फरक १८, प्रमाण विचलन २०.५. त्याला १.९६ ने गुणले की ४०. म्हणजे एखाद्या नव्या रुग्णात फरक साधारण −२२ ते ५८ च्या दरम्यान कुठेही येऊ शकतो. सरासरी वापर २५० धरला तर टक्केवारीतली चूक १६. पाच जोड्या रीत दाखवण्यापुरत्या, खऱ्या पडताळणीला कितीतरी जास्त लागतात. आणि एकाच रुग्णाची दहा मोजमापे म्हणजे दहा रुग्ण नव्हेत. कार्डियाक आउटपुटच्या तुलनेत ३० टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेण्याचा दंडक १९९९ पासून रूढ आहे. तो इथे डोळे झाकून लावू नये. आधी ठरवा की तुमचा निर्णय किती मिलिच्या फरकाने बदलतो, आणि मर्यादा त्याच्याशी ताडून बघा.

एक सापळा मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवा. १९८० च्या दशकात शूमेकर आणि सहकाऱ्यांनी धोक्याच्या शस्त्रक्रियांनंतर पुरवठा ६०० आणि वापर १७० मिलि प्रति चौरस मीटरच्या वर नेण्याचे लक्ष्य मांडले. त्यानंतर पुरवठा वाढवला की वापर वाढतो का, हे पाहणारे आलेख सगळीकडे निघू लागले. पुरवठा म्हणजे कार्डियाक आउटपुट गुणिले धमनीतला ऑक्सिजन. आपल्या रुग्णात तो ६७२ मिलि. आता रुग्णात काहीही न बदलता फक्त कार्डियाक आउटपुट चुकून ४.५ वाचले गेले, तर पुरवठा ६०४ आणि वापर २१४. चुकून ५.५ वाचले गेले, तर ७३९ आणि २६१. आलेखावर तीन बिंदू काढा, सुरेख सरळ रेषा मिळेल आणि रुग्णाला ऑक्सिजनची भूक आहे असे वाटेल. ती रेषा निव्वळ मोजण्याच्या चुकीची आहे, कारण एकच आकडा दोन्ही अक्षांवर बसला आहे. म्हणून पुरवठ्याला वापर प्रतिसाद देतो का हे तपासायचे असेल, तर पुरवठा रक्तातून आणि वापर श्वासातून, असे वेगवेगळे मोजावे. इथे मी कुठलीही सवलत देणार नाही.

मग कुठे काय

एफआयओटू ०.६० च्या आत, गळती नाही, व्हेंटिलेटर स्थिर: श्वासाची पद्धत. छातीतून हवा निसटते आहे किंवा एफआयओटू ०.८० आहे आणि कॅथेटर आधीच घातलेले आहे: रक्ताची पद्धत. फक्त ऑक्सिजन-वापराचा आकडा हवा म्हणून कुणाला फुप्फुसधमनीत कॅथेटर घालू नये. आणि एकाच रुग्णाचा कल पाहताना पद्धत मध्येच बदलू नका. सकाळी श्वासातून २६१ आणि संध्याकाळी रक्तातून २३८ लिहिले, तर रुग्ण सुधारला की पद्धत बदलली हे रात्रपाळीच्या डॉक्टरला कळणार नाही.

म्हणून चार्टवर आकड्याशेजारी इतके तरी हवे: पद्धत, वेळ, अंगाचे तापमान, एफआयओटू, हिमोग्लोबिन, झोपेचे आणि स्नायू शिथिल करणारे औषध चालू आहे का, हुडहुडी होती का. श्वासातून मोजले असेल तर गुणोत्तर आणि किती मिनिटांची स्थिर नोंद. रक्तातून काढले असेल तर थर्मोडायल्यूशनची सगळी मोजमापे, नुसती सरासरी नव्हे.